विसाव्याचे तीन दिवस

सहदेव आजगावकरांच्या वहीत पस्तीस वर्षांत एकही खाडा नव्हता. त्यांच्या म्हातारपणाचं जे वाटोळं झालं ते नेमकं त्यापायी, पण हे उमगायला त्यांना सत्तरी गाठावी लागली.

काम तसं साधं होतं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यात शिवणखोल नावाचं गाव आहे, म्हणजे होतं. गोड्या पाण्याची मोठी विहीर गावात एकच. तिला सगळे थोरली बाव म्हणत. १९९९ साली सरकारच्या एका मोजणी योजनेत तिशीतल्या सहदेवांची या बावेवर नेमणूक झाली. रोज सकाळी सात वाजता दोरीला बांधलेलं क्षारमापक आत सोडायचं, लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार आहेत तो आकडा वहीत उतरवायचा आणि खाली सही करायची. अंगात ताप असो की घरात लग्न असो, वही भरायचीच. गाव त्यांना मोजणीदार म्हणू लागलं आणि त्यांनाही ते नाव आडनावापेक्षा जास्त आवडू लागलं.

अडचण एकच होती आणि ती शिवणखोलची खास होती. दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात इथे गावपळण होई. ग्रामदेवाचा कौल घेऊन सगळं गाव गुराढोरांसकट, कुत्र्या-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहुट्या ठोकून तीन दिवस, तीन रात्री राही. आत चिटपाखरू उरत नसे. चुली बंद, दिवे बंद; पुढेपुढे तर वीजही खांबावरून तोडायचे. त्या तीन दिवसांत गाव देवाचं. आत जो पाऊल टाकील तो अख्ख्या गावावर संकट ओढवील, अशी समजूत होती. मोजणीदारांनी कधी टाकलं नाही.

मग त्या तीन दिवसांच्या आकड्यांचं काय? पहिल्या खेपेला, २००० साली, त्यांनी सरळ आदल्या दिवशीचा आकडा तीनदा लिहिला. ३४०, ३४०, ३४०. महिनाभराने कचेरीतून वही परत आली. लाल शाईत शेरा होता : सलग तीन दिवस एकच आकडा संभवत नाही, खुलासा करावा. जागा कोरी सोडावी तर खाडा, आणि खाडा म्हणजे नेमणूक रद्द. सहदेवांनी दोन दिवस डोकं खाजवलं. आकडे बदलायचे तर वर न्यायचे की खाली? गावातली म्हातारी माणसं सांगत की गावपळणीत बावेचं पाणी आणखी गोड होतं, कारण देव स्वतः ते पितो. म्हणून त्यांनी लिहिलं, ३३२, ३१९, ३०५. खोटं केल्यासारखं त्यांना वाटलंच नाही. उलट देवाच्या बाजूने साक्ष दिल्यासारखं वाटलं. वही बिनबोभाट स्वीकारली गेली.

पुढे दर तीन वर्षांनी तेच. हळूहळू हात बसला. चौथ्या दिवशी गाव परतलं की ते खरा आकडा घेत आणि तो अर्थातच पुन्हा पहिल्या जागी गेलेला असे. २०३० पर्यंत अशा अकरा गावपळणी झाल्या. तेहतीस आकडे राहुटीत बसून, चहाचा कप बाजूला ठेवून लिहिले गेले.

०

डॉ. मृणाल केसकर पुण्याहून आल्या त्या २०३१ साली. समुद्र तोवर बराच चढला होता आणि किनाऱ्यावरच्या विहिरी एकामागून एक खाऱ्या होत चालल्या होत्या. केसकरबाई शंभरएक विहिरींच्या जुन्या वह्या चाळत होत्या. बाकीच्या वह्यांत नुसता गोंधळ. शिवणखोलच्या वहीत मात्र दर तीन वर्षांनी तीन स्वच्छ पायऱ्या खाली उतरत होत्या.

मोजणीदारांच्या पडवीत बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गोडं पाणी हलकं, खारं जड. किनाऱ्याजवळच्या जमिनीत समुद्राचं पाणी खालून आत शिरलेलं असतं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तेलाच्या तवंगासारखं तरंगत असतं. उपसा करून गोड्या पाण्याची पातळी हातभर खाली नेली, की खालचं खारं चाळीस हात वर चढतं. इतकं जुनंच होतं. शंभरावर वर्षं शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. चढलेलं खारं पुन्हा मागे सरायला महिने, कधी वर्षं लागतात, असंही सगळे धरून चालत. या वहीने ते खोटं पाडलं होतं. गाव रिकामं झालं, उपसा पूर्ण थांबला, की तीन दिवसांत क्षार दहा टक्क्यांनी घटत होते.

“पण चौथ्या दिवशी आकडा परत वर जाता,” मोजणीदार म्हणाले. त्यांना वाटलं, इथे बाई अडखळतील आणि आपली सुटका होईल.

बाई अडखळल्या नाहीत. परतलेलं गाव एकदम बादल्या सोडतं, तळ ढवळून निघतो, म्हणून चौथ्या दिवसाचा आकडा धरायचाच नाही, असं त्यांचं उत्तर तयार होतं. उत्तर इतकं चोख होतं की मोजणीदारांनाही पटलं.

मग बाईंनी आवाज खाली आणला. “काका, गावपळणीत आत कुणी जात नाही, हे मला माहीत आहे. तरी तुमच्या वहीत खाडा नाही. तुम्ही जात होतात ना? मी कुणाला सांगणार नाही.” आणि त्या वाकून मोजणीदारांच्या पाया पडल्या.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण आयुष्यात कुणी शिकलेलं माणूस त्यांच्या पाया पडलं नव्हतं. ते नुसते हसले, आणि बाईंनी त्या हसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

असा विसाव्याचा सिद्धांत जन्माला आला. त्यात जांभ्या दगडातल्या बारीक वाटांचं गणित होतं, आलेख होते, आणि शेवटी एका निरीक्षकाच्या निष्ठेबद्दल दोन ओळी होत्या. शिवणखोलमध्ये तर आनंदाला पारावार नव्हता. गावपळणीत पाणी गोड होतं हे वाडवडिलांनी सांगितलेलं आता शास्त्राने सिद्ध केलं, म्हणून शाळेत मोजणीदारांचा फोटो लागला. बंद गावातले आकडे आले कुठून, हे कुणी विचारलं नाही. कौतुकाच्या गोष्टीची कुणी उलटतपासणी करत नाही. म्हाताऱ्यांचं बोलणं वहीत गेलं, वहीतून पुण्याला गेलं आणि गणित होऊन परत त्याच म्हाताऱ्यांकडे आलं, हे फक्त एका माणसाला माहीत होतं.

०

तीन वर्षांनी जलपाळी आली. किनाऱ्यावरच्या गावांचे पंप चालवणारं ते एक मोठं गणनयंत्र. सत्तावीस दिवस मनसोक्त उपसा, तीन दिवस पूर्ण विसावा, असा त्याचा नेम. विसाव्यात विहिरीवर लोखंडी झाकण पडे. झाकण उघडलं तर विसावा मोडल्याची नोंद आपोआप जाई आणि त्या गावाचं महिन्याचं पाणी कापलं जाई. क्षार मोजायला पंपाच्या नळीतच एक संवेदक बसवलेला होता, त्यामुळे वहीची गरज संपली आणि मोजणीदार निवृत्त झाले.

त्यांचा मुलगा गुरुनाथ गावचा पंपचालक झाला. पूर्वी जपून वापरायचं पाणी आता चोवीस तास नळाला येऊ लागलं. पर्यटकांच्या खोल्या झाल्या, कोकमाचा कारखाना झाला. गुरुनाथच्या कमरेला झाकणाची किल्ली लटके आणि तो चार माणसांत उठून बोले. वडिलांच्या आकड्यांवर हे सगळं उभं आहे, असं तो पाहुण्यांना अभिमानाने सांगे. मोजणीदार तेव्हा काहीतरी काम काढून आत जात.

२०३७ मध्ये काही गावांत क्षार वाढू लागले. सिद्धांत चुकला असं कुणी म्हटलं नाही. समुद्र अपेक्षेपेक्षा जोरात चढतोय, म्हणून विसावा पाच दिवसांचा करावा, असं ठरलं. पुढच्या वर्षी तीन गावांचा दगड वेगळ्या जातीचा निघाला आणि गणितात एक जादा पद घातलं गेलं. असं ठिगळावर ठिगळ चढलं, पण मूळ कापड कुणी उलटून पाहिलं नाही. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. पहिल्या ठोकरीला सिद्धांत टाकून द्यायचे म्हटलं तर शास्त्र एक पाऊल पुढे जाणार नाही, हे खरंच आहे. फक्त इथे प्रत्येक ठोकर म्हणजे एक गाव होतं.

शिवणखोलची पाळी कळली ती जिभेला. २०४० सालच्या मार्चमध्ये, सकाळच्या वेळी, मोजणीदारांनी पेजेचा घोट घेतला आणि सुनेला, समिधाला, विचारलं की आज मीठ जास्त झालंय का.

“मी घालूकच नाय, बाबा,” ती म्हणाली. “हल्ली घालूक लागनाच नाय.”

त्यांनी वाटी खाली ठेवली. पस्तीस वर्षं ज्या पाण्याची राखण केली, ते आपल्याच हाताने घालवलं, असं त्यांना लख्ख दिसलं. त्या दिवशी त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी केसकरबाईंना फोन लावला आणि एवढंच सांगितलं की समोर बसून बोलायचं आहे.

०

बाई आल्या. केस पिकले होते, नाव मोठं झालं होतं. मोजणीदारांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. लाल शाईचा शेरा, राहुटी, ३३२, ३१९, ३०५.

बाईंनी पहिल्यांदा विचारलं ते शास्त्राचं नव्हतंच. “म्हणजे तुम्ही आत गेलाच नव्हतात?”

“नाय, बाई.”

त्या उठून अंगणात गेल्या आणि माडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नऊ वर्षं त्यांनी प्रत्येक भाषणात या माणसाचं नाव घेतलं होतं. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता. सिद्धांतातले ते तेहतीस आकडे वगळून हिशेब पुन्हा करू, म्हणाल्या. तिथेच पडवीत बसून त्यांनी यंत्राला ते काम लावलं. उत्तर काही मिनिटांत आलं. मोजणीदारांची अख्खी वही काढून टाकली तरी सिद्धांत जागचा हलत नव्हता. आता त्याच्या पाठीशी दोनशे चौदा गावांचे आकडे होते आणि प्रत्येक गावात, प्रत्येक विसाव्यात, क्षार शिस्तीत खाली उतरत होते.

बाईंच्या चेहऱ्यावर सुटकेची कळा आली. “काका, तुम्ही खोटं लिहिलंत, पण योगायोगाने खरं लिहिलंत.”

मोजणीदारांनाही ते मानायला फार आवडलं असतं. पण पस्तीस वर्षं दोरी धरलेल्या माणसाला एक शंका होती. “बाई, विसाव्यात पंप बंद. नळीत पाणी नाय. मग तुमचो तो संवेदक मोजता काय?”

बाई म्हणाल्या की यंत्रणा त्या वेळी... आणि तिथेच थांबल्या. मग त्यांनी यंत्राच्या हिशेबातल्या पायऱ्या एकेक करून उघडल्या आणि जे दिसलं ते मोजणीदारांना वाचून दाखवलं. संवेदक कोरडा पडला की त्याच्याकडून आकडा येत नसे. जागा कोरी राहू नये म्हणून यंत्र तिथे अपेक्षित आकडा भरत असे. आणि अपेक्षित आकडा काढायचा कशावरून, तर विसाव्याच्या सिद्धांतावरून. पंप सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी खरा, चढा आकडा येई. पण तो तळ ढवळल्याचा म्हणून गाळला जाई. तशी सूचना बाईंनीच दिलेली होती. तिथून पुढचा चढ समुद्राच्या खाती मांडला जाई. दोनशे चौदा गावांत, दर महिन्याला, यंत्र राहुटीत बसून वही भरत होतं.

“यंत्राकय खाडो चलना नाय,” मोजणीदार म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

बाई त्याच दिवशी निघाल्या आणि थेट जलपाळीच्या समितीपुढे गेल्या. समितीने ऐकून घेतलं आणि शंका शंकेच्या जागी ठीक आहे, म्हणून सांगितलं. प्रस्थापित सिद्धांत मोडायचा तर विरुद्ध जाणारा एखादा आकडा हवा, आणि विसाव्यातल्या विहिरीतून प्रत्यक्ष घेतलेला आकडा जगात कुठेच नव्हता. तो घ्यायला झाकण उघडू द्या, अशी विनंती बाईंनी केली. झाकण उघडलं की विसावा मोडतो, मग तो आकडा विसाव्याचा कसा, असं समितीने विचारलं. या चक्रात दोन वर्षं गेली. बावेचा आकडा आठशेला टेकला.

०

२०४२ च्या मार्गशीर्षात गावपळण होती. देवाने कौल दिला, वीज तोडली गेली, गाव वेशीबाहेर गेलं. वीज नाही म्हणजे झाकणाची नोंदही नाही, हे मोजणीदारांनी आधीच हेरून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी झोपलेल्या गुरुनाथच्या कमरेची किल्ली काढून घेतली. जुनं क्षारमापक पंच्यात गुंडाळलं आणि ते वेशीकडे निघाले. देवावर त्यांची श्रद्धा होती. नसती तर सोपं गेलं असतं. वेशीच्या दगडापाशी त्यांचे पाय अक्षरशः अडले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांना लहानपणासारखी भीती वाटली आणि त्यांनी हात जोडून मोठ्याने सांगितलं की चूक माझी आहे, गावाला त्रास देऊ नकोस. मग ते आत गेले.

रिकामं गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दारं ओढून घेतलेली, तुळशींपुढे कालच्या रांगोळ्या, एका अंगणात विसरलेला फडका वाळत होता. कुठे कोंबडं आरवेना. आपल्याच चपलांचा आवाज त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी त्या काढून हातात घेतल्या. बावेवर पोचल्यावर झाकण सरकवलं, दोरी सोडली, सात वाजेपर्यंत थांबले आणि आकडा पाहिला. ८१२. मग दोरी आणखी खाली, पंपाच्या तोंडाखाली सोडली. तिथे तीन हजारांवर आकडा होता. खारं पाणी पंपाच्या तोंडापासून दोन हातांवर येऊन उभं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ८१२. तिसऱ्या दिवशीही ८१२. खालचं खारं जागच्या जागी होतं. तीन दिवसांत ते बोटभरही सरलं नव्हतं.

मोजणीदार बावेच्या काठावर बसले. बेचाळीस वर्षांपूर्वी, आळसाने का होईना, त्यांनी जे पहिल्यांदा लिहिलं होतं तेच खरं होतं. तीन दिवस, एकच आकडा. लाल शाईच्या भीतीने ते खोडलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी झाकण लावलं आणि आदल्या दोन दिवसांसारखीच, राहुटीत उशिरापर्यंत झोपलेल्या गुरुनाथच्या कमरेला किल्ली परत लावली. चौथ्या दिवशी देवाने नेहमीसारखा परतायचा कौल दिला आणि गाव परतलं.

मोजणीदारांनी तिन्ही आकडे सही करून समितीकडे पाठवले. उत्तर महिन्याभरात आलं. निरीक्षकाने पूर्वी खोटे आकडे लिहिल्याची स्वतः कबुली दिलेली आहे. शिवाय सलग तीन दिवस एकच आकडा संभवत नाही. पत्र छापील होतं. लाल शाई तेवढी नव्हती.

एका वर्तमानपत्राने मात्र बातमी दिली. बंद गावात म्हाताऱ्याने घेतली मोजणी. गावाने ती वाचली आणि गप्प राहिलं. गुरुनाथनेही घरात एका शब्दाने विचारलं नाही. त्याला उत्तराची भीती वाटत असावी.

पाच महिन्यांनी, मे महिन्यात, भर दुपारी पंपाने खारं पाणी ओढलं. नळ सोडलेल्या बायकांनी कळश्या तिथेच ओतून दिल्या. उपसा थांबवला, टँकर आले, वाट पाहिली. पाऊस झाला तरी आकडा दोन हजारांखाली आला नाही. कारखाना गेला, पाहुणे गेले, मग घरं बंद होऊ लागली. दोन वर्षांत शिवणखोल कायमचं पळालं आणि या खेपेला परतायचा कौल कुणी मागितला नाही.

०

२०४६ साली आजगावकर महामार्गाजवळच्या वसाहतीत, दोन खोल्यांत राहत होते. अर्धी वसाहत शिवणखोलचीच होती. मोजणीदार रस्त्याने चालले की लोक बोलणं थांबवत आणि ते पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करत. देवाने तेव्हाही परतायचा कौल दिला होता ना, असं सुरुवातीला कुणीतरी म्हणालं होतं. त्यावर कौल वाचण्यात चूक झाली असणार, असं ठरलं होतं.

एका सकाळी केसकरबाई आल्या. जलपाळीखालची गावं पटापट खारी होत होती आणि समिती अखेर हादरली होती. अजून एकतीस गावांत पाणी गोड होतं. तिथला उपसा थांबवायचा ठराव तयार होता, पण त्याला आधार म्हणून विसाव्यातला प्रत्यक्ष आकडा लागत होता, आणि तो जगात एकाच माणसाने घेतलेला होता. आधीच्या कबुलीमुळे त्याला आता शपथेवर लिहून द्यायचं होतं की त्या तीन दिवशी मी स्वतः विहिरीवर हजर होतो. बाईंनी कागद स्टुलावर ठेवला. गुरुनाथ दाराशी उभा राहून ऐकत होता.

बाईंनी त्यालाही सगळं नीट समजावलं. तवंग, उपसा, वर चढणारं खारं. तो अदबीने ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “बाई, तुमी सांगतास ता खोटा नाय. पण माका एक सांगा. बाबा आत जायत नव्हते तवसर पाणी गोड होता. एकदा गेले म्हणतत, आणि पाच म्हयन्यात बाव खारी. ह्या चुकीचा आसा, ता तुमी खंयच्या आकड्यान दाखवतलास?”

बाई म्हणाल्या की कितीतरी गावं खारी झाली आणि तिथे तर कुणी असा नेम मोडला नव्हता.

“त्या गावांत गावपळणच नव्हती,” गुरुनाथ म्हणाला. “तेंका राखणारो कोण नव्हतो. आमका होतो.”

मोजणीदारांनी मनातल्या मनात वही उलटून पाहिली. मुलाचं म्हणणं प्रत्येक आकड्याशी जुळत होतं. ते खोटं ठरवायचं तर तेच गाव हवं, तीच बाव हवी आणि न मोडलेली एक गावपळण हवी. त्यातलं काहीच आता कुठे नव्हतं.

गुरुनाथ पुढे आला आणि कितीतरी वर्षांनी वडिलांच्या पायाशी बसला. “बाबा, तुमी आधीय बसान आकडे लिवलास. तसेच ह्येय लिवलास, इतक्याच म्हणा. आत गेलंय नाय म्हणा. मी आजच्या आज सगळ्यांका सांगतंय. लोक परत बोलूक लागतले. माका तुमच्याकडे बघूक येतला.” त्याने वडिलांचे पाय धरले. “माका कळाक व्हया, माझ्या बापाशीन गाव बुडवूक नाय.”

मोजणीदारांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी एकदा बाई त्यांच्या पायाशी वाकल्या होत्या आणि एका शब्दाचं काम होतं. आताही एकच शब्द हवा होता, आणि या खेपेला तो खोटा असता तरी घरच्या माणसाला पोचला असता. तो शब्द त्यांच्या जिभेवर आलाही होता. मुलगा परत मिळावा असं त्यांना फार वाटत होतं. समोर कागद होता. एकतीस गावांत या क्षणी पंप चालू होते.

“गेल्लंय,” ते म्हणाले. “तीनय दिवस.”

गुरुनाथने डोक्यावरचा हात हळूच बाजूला केला, उठला आणि बाहेर गेला. मोजणीदारांनी कागदावर तारीख घातली आणि वहीत करत तशी, जरा तिरपी सही केली. बाईंनी कागद घडी न घालता पिशवीत ठेवला. मग त्या निघाल्या.

ठराव मंजूर व्हायला चौदा महिने लागले. तोवर एकतिसातली नऊ गावं उरली होती.

सही केली त्या दिवशी दुपारी समिधाने पेजेची वाटी मोजणीदारांपुढे ठेवली आणि न बोलता ती आत गेली. वसाहतीतलं पाणी गोड होतं. पेजेत मीठ घातलेलं नव्हतं. त्यांनी दोन घोट घेतले आणि मीठ मागितलं नाही.